मुंबईचा एक दिवस आणि परतीची गाडी

पालघर, बोईसर, तारापूर या परिसरातील कुटुंबांना मुंबई परकी नाही. दुकानाची खरेदी, मुलांचे प्रवेश, नात्यातील लग्नकार्य, डॉक्टरांची भेट, गुरुभगवंतांचे दर्शन, अशा कोणत्या ना कोणत्या निमित्ताने वर्षातून चार-सहा वेळा तिकडे जाणे होतेच. तरीही रोज जाणाऱ्या नोकरदाराची मुंबई आणि वर्षातून चार वेळा जाणाऱ्या पाहुण्याची मुंबई, या दोन वेगळ्या मुंबई आहेत. नोकरदार ज्या दारातून डोळे मिटून आत शिरतो, त्याच दारासमोर पाहुणा सहकुटुंब उभा राहतो आणि गाडी निघून जाते. सोबत सत्तरी ओलांडलेल्या आजी असतात, हातात तपासण्यांच्या कागदांची पिशवी असते आणि मनात सकाळपासून एकच विवंचना असते : संध्याकाळी परत कसे यायचे?

हा लोहमार्ग जुना आहे. गुजरातकडून दक्षिणेकडे येत येत बी.बी.सी.आय. रेल्वे १८६४ साली मुंबईतील ग्रँट रोडपर्यंत पोहोचली आणि पालघरचा प्रदेश त्या महानगराशी जोडला गेला. पुढे १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी धावली. विरारचे उपनगरी भाग्य असे दीडशे वर्षांपूर्वीच उजाडले. विरारच्या पुढील वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव आणि डहाणू रोड ही स्थानके मात्र शटल, पॅसेंजर आणि थांबतील त्या मेल-एक्स्प्रेस गाड्यांवर विसंबून राहिली. चर्चगेटची लोकल डहाणूपर्यंत येण्यासाठी एप्रिल २०१३ उजाडावा लागला. त्यानंतर सव्वा वर्षाने, १ ऑगस्ट २०१४ रोजी, पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. कागदोपत्री मुंबईच्या उपनगरी जाळ्यात आणि व्यवहारात जिल्ह्याचे गाव, असे या पट्ट्याचे दुहेरी स्थान आहे. पाहुण्याची सारी अडचण या दुहेरीपणातून निघते.

कारण हिशेब साधा आहे. चर्चगेटहून विरारपर्यंत सुमारे ६० किलोमीटर, आणि तेथवर दर काही मिनिटांनी गाडी. विरारहून बोईसर आणखी चाळीस-बेचाळीस किलोमीटर, आणि तेथे एक लोकल चुकली तर पुढच्या गाडीसाठी पुष्कळदा तासाहून अधिक काळ थांबावे लागते. अंतराचा शेवटचा भाग छोटा, पण वाट पाहणे तिथेच मोठे. म्हणून जाणकार घरांत मुंबईच्या दिवसाची आखणी सकाळपासून होत नाही, ती रात्रीपासून उलटी होते. चिंचणीला किंवा तारापूर गावात राहणाऱ्याने आधी बोईसर स्थानकाबाहेरून सुटणारी शेवटची एस.टी. किती वाजता आहे हे विचारून घ्यावे. शेअर रिक्षा रात्री उशिरा मिळतेच असे नाही, आणि मिळाली तरी चालकाला गाडी भरेपर्यंत निघण्याची घाई नसते. त्या एस.टी.ला गाठणारी लोकल कोणती, ती चर्चगेटहून किती वाजता निघते, दादरला किती वाजता येते, हे कागदावर लिहून आजींच्या पर्समध्ये ठेवावे. फोनची बॅटरी संध्याकाळपर्यंत पुरेलच असे नाही. हा कागद हाती आला की मुंबईत किती तास मिळतात ते कळते. ते तास बहुधा अपेक्षेपेक्षा कमी निघतात आणि दोन कामांपैकी एक काम पुढच्या खेपेवर ढकलावे लागते. ते घरीच ठरलेले बरे. दादरच्या पुलावर उभे राहून ठरवणे कठीण.

चौविहार पाळणाऱ्या घरांत या हिशेबात आणखी एक वेळ मिसळते. नोव्हेंबरअखेर आणि डिसेंबरच्या आरंभी मुंबईत सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. जूनअखेरीस तो सव्वासातच्याही पुढे जातो. लोकलची संध्याकाळची भीड मात्र ऋतू पाहत नाही. पाचनंतर ती चढू लागते आणि नऊपर्यंत ओसरत नाही. थंडीच्या दिवसांत चार-साडेचारला निघायचे म्हटले तर सूर्यास्त गाडीतच होणार, कदाचित भाईंदरच्या खाडीवर. त्या गर्दीत डबा उघडणे तर दूरच, पाण्याची बाटली तोंडाला लावण्यापुरता हातसुद्धा मोकळा मिळत नाही. म्हणून हिवाळ्यात संध्याकाळचे जेवण चारच्या आत उरकून, पाणी पिऊन मगच फलाटावर उतरावे, हा अनेक घरांचा शिरस्ता आहे. उकळलेले पाणी घरूनच न्यावे. दिवसभराला पुरेल इतके पाणी न्यायचे तर पिशवी जड होते, हेही खरे. अशा वेळी दोन लहान बाटल्या दोघांकडे वाटून दिलेल्या सोयीच्या.

मुंबईला जाण्याचे सर्वांत गंभीर कारण आजारपण, आणि त्याचे ठिकाण बहुतेक वेळा परळ. १९२६ मधील के.ई.एम. आणि १९४१ मधील टाटा मेमोरियल ही दोन्ही रुग्णालये एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, मुलांचे वाडिया रुग्णालयही तेथेच आहे. बोईसरहून येणारी गाडी पश्चिम रेल्वेची, परळ मध्य रेल्वेवर. त्यामुळे कुठेतरी मार्ग बदलावा लागतो. एक वाट अशी : दादरला उतरून मध्य रेल्वेच्या धीम्या गाडीने एकच स्थानक पुढे परळला जावे. दुसरी अशी : दादरलाच पश्चिमेची धीमी गाडी पकडून प्रभादेवीला उतरावे आणि जोडपुलावरून पलीकडे परळ पूर्वेला जावे. चालता येत नसेल तर तिसरी आणि खरी सोयीची वाट म्हणजे दादर पूर्वेला बाहेर पडून टॅक्सी करावी. भाडे फार होत नाही, आणि रुग्णाला दोन जिने कमी चढावे लागतात. बोईसरच्या सवयीने पाहुणे येथे रिक्षा शोधत राहतात, पण वांद्रे आणि शीव यांच्या दक्षिणेला मुंबईत रिक्षाला परवानगीच नाही. तेथे काळी-पिवळी टॅक्सी. मीटरचे किमान भाडे १ फेब्रुवारी २०२५ पासून ३१ रुपये. उपनगरातील रिक्षाचे त्याच दिवसापासून २६ रुपये.

दादर हे नावच पाहुण्याच्या छातीत धडकी भरवते. पूर्वी तर पश्चिम आणि मध्य या दोन्ही रेल्वेंच्या फलाटांची मोजणी एकपासून सुरू होत असे. ‘एक नंबरवर भेटू’ असे ठरवून काका एका एक नंबरवर आणि काकू दुसऱ्या एक नंबरवर, असे प्रसंग अनेक घरांत सांगितले जातात. डिसेंबर २०२३ मध्ये ही मोजणी सलग झाली. आता पश्चिम रेल्वेचे फलाट १ ते ७ आणि मध्य रेल्वेचे ८ ते १४. जुने जाणकार अजूनही जुने क्रमांक सांगतात. त्यांचे ऐकावे, पण पाटी पाहून चालावे.

प्रभादेवीच्या पुलाबद्दल मात्र घरातील ज्येष्ठांच्या मनात जी भीती आहे ती निराधार नाही. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी, स्थानकाचे नाव एल्फिन्स्टन रोड असताना, पावसामुळे पुलावर थांबलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी झाली आणि वीसहून अधिक माणसे गेली. त्यानंतर सैन्यदलाच्या अभियंत्यांनी तेथे नवा पादचारी पूल उभारला, तो फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला झाला. परिस्थिती सुधारली आहे. तरीही एक गोष्ट त्या सकाळपासून सर्वांनी धरून ठेवावी अशी आहे : पाऊस कोसळत असताना जिन्यावर किंवा पुलाच्या तोंडाशी थांबू नये. छत्री उघडण्यासाठी, कुणाची वाट पाहण्यासाठी, फोन करण्यासाठी थांबायचे असेल तर फलाटावरच थांबावे. गर्दी पुढे गेली की मग निघावे. रुग्णालयाची वेळ पाच मिनिटे चुकली तरी चालते.

कर्करुग्णांना दिव्यांगांच्या राखीव डब्यातून प्रवास करता येतो, ही सवलत पुष्कळांना ठाऊक नसते. गर्भवती स्त्रियांनाही ती आहे. रुग्णालयाची कागदपत्रे वरच ठेवावीत. डब्यात कुणी विचारले तर रागावण्याचे कारण नाही, कारण विचारणारा बहुधा स्वतःच्या हक्काच्या जागेचे रक्षण करत असतो.

डब्यांचे हे शास्त्र कुटुंबाने आधीच समजून घेतले की निम्मा गोंधळ टळतो. स्त्रियांचे डबे वेगळे, पहिल्या वर्गाचे वेगळे, वातानुकूलित लोकल तर पूर्णच निराळी. तिचे तिकीट साध्या तिकिटाहून महाग असते आणि साध्या तिकिटावर तीत बसल्यास दंड होतो. मुंबईत अशी पहिली गाडी २५ डिसेंबर २०१७ रोजी बोरिवली-चर्चगेट धावली. केवळ महिलांसाठीची विशेष लोकल त्याच्या कितीतरी आधी, ५ मे १९९२ पासून, चर्चगेट-बोरिवली मार्गावर सुरू झाली. आजी आणि सूनबाई महिलांच्या डब्यात, आजोबा आणि मुलगा सर्वसाधारण डब्यात, अशी विभागणी करावी लागली तर कुठे उतरायचे आणि उतरून कुठे भेटायचे हे चढण्यापूर्वीच ठरावे. भेटण्याची जागा पुलावर नको, फलाटावरच्या उपाहारगृहासमोर असावी. ते स्थिर असते, दिसते आणि कुणालाही विचारता येते.

फलाटावरील दर्शकपाटीवर गाडीच्या अंतिम स्थानकाचे संक्षिप्त नाव, जलद की धीमी, डबे बारा की पंधरा, आणि गाडी किती मिनिटांत येणार, इतकी माहिती असते. यातील डब्यांची संख्या पाहुणे वाचत नाहीत. पंधरा डब्यांची गाडी येईल म्हणून फलाटाच्या टोकाला उभे राहावे आणि बारा डब्यांची यावी, म्हणजे शेवटी आजोबांना पिशवीसह धावणे आले. दिशेची एक खूणही पक्की करून घ्यावी. चर्चगेटकडे तोंड करून गाडीत बसले असता उजवा हात पश्चिमेचा, डावा पूर्वेचा. मुंबईत पत्ता सांगताना स्थानकाच्या नावानंतर पूर्व की पश्चिम हे येते, आणि ते चुकले तर पूल पुन्हा चढावा लागतो. गुडघेदुखीच्या माणसाला ही चूक दिवसभर आठवते.

उतरण्याची तयारी एक स्थानक आधी सुरू करावी लागते. पुढे उभ्या असलेल्याला ‘दादर उतरणार का?’ एवढेच विचारावे. तो उतरणार असेल तर त्याच्या मागे राहावे, नसेल तर तो बाजूला होतो. मुंबईच्या गर्दीत ओळख नसते, पण हा नियम सर्वांना पाठ असतो. सकाळच्या डहाणू लोकलमध्ये मात्र एक विशेष काळजी घ्यावी. बोईसर-पालघरला बसायला जागा मिळते म्हणून निश्चिंत झालेला पाहुणा विरार, नालासोपाऱ्याची गर्दी चढल्यावर खिडकीपाशी अडकतो. त्याला जायचे असते बोरिवलीला, आणि गाडी त्याला अंधेरीला नेते. उपनगरात उतरायचे असेल तर खिडकीचा मोह सोडून वसईपासूनच दाराकडे सरकू लागावे.

उपनगरांत आता मेट्रो आहे. दहिसर पूर्वहून एक मार्ग पश्चिमेकडून अंधेरीपर्यंत, दुसरा द्रुतगती महामार्गावरून गुंदवलीपर्यंत जातो. त्या स्वच्छ आहेत, सरकते जिने आणि उद्वाहने आहेत, आणि वृद्धांना त्या लोकलहून कितीतरी सुसह्य वाटतात. पण नावे फसवतात. ‘बोरिवली पश्चिम’ मेट्रो स्थानक रेल्वे स्थानकाला लागून नाही. ‘अंधेरी पश्चिम’ही तसेच. अंधेरीच्या रेल्वे पुलाला जोडलेले मेट्रो स्थानक आहे ते वर्सोवा-घाटकोपर मार्गाचे, जो ८ जून २०१४ रोजी सुरू झाला. मेट्रोत बदलायचे असेल तर घरूनच नकाशा पाहून यावे.

दक्षिण मुंबईत जाणाऱ्यांना खरा दिलासा मिळाला तो भुयारी मेट्रो ३ मुळे. ऑक्टोबर २०२५ पासून ती आरेपासून कफ परेडपर्यंत सलग धावते. साडेतेहतीस किलोमीटर आणि २७ स्थानके. मुंबई सेंट्रलच्या स्थानकाला जगन्नाथ शंकर शेठ यांचे नाव आहे. देशातील पहिली रेल्वे मुंबईत आणण्यासाठी झटलेल्या त्या गृहस्थाचे नाव भूमिगत गाडीच्या स्थानकाला मिळावे, हे उचितच झाले. पायधुनीच्या १८१२ सालच्या गोडीजी पार्श्वनाथ जिनालयाच्या दर्शनाला जाणाऱ्यांना पूर्वी मरीन लाइन्स किंवा मस्जिद स्थानकावरून गर्दीतून चालत जावे लागे. आता काळबादेवी मेट्रो स्थानकावर उतरून पुढचे थोडे अंतर टॅक्सीने जाता येते. वाळकेश्वरच्या १९०४ मधील बाबू अमीचंद पन्नालाल आदीश्वर जिनालयाकडे मेट्रो जात नाही. तेथे ग्रँट रोड किंवा चर्नी रोडहून बस अथवा टॅक्सीच, आणि चढावामुळे ज्येष्ठांनी पायी जाण्याचा हट्ट धरू नये.

बेस्टच्या बसचे पाहुण्यांना उगाच भय वाटते. १५ जुलै १९२६ पासून ती मुंबईत धावते आहे. बसच्या कपाळावरचा क्रमांक देवनागरी अंकांत असतो, म्हणून परप्रांतीय गोंधळतात. पालघरच्या माणसाला तो लांबूनही वाचता येतो. मे २०२५ पासून किमान भाडे साध्या बसला १० आणि वातानुकूलित बसला १२ रुपये झाले. पूर्वी ते ५ आणि ६ होते, त्यामुळे कुरकुर झालीच. दुपारी अकरा ते चार या वेळात बसला जागा मिळते आणि खिडकीतून शहर दिसते, जे लोकलमधून कधी दिसत नाही. मुलांना सोबत आणले असेल तर एक तरी प्रवास बसने करावा.

काही दिवस मुंबईला न जाणेच शहाणपणाचे. रविवारी देखभालीसाठी लोहमार्गावर ब्लॉक असतो. आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्रात त्याची वेळ येते. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपारा भागात रूळ पाण्याखाली गेले आणि विरारची वाहतूक खंडित झाली, तेव्हा मुंबईत गेलेल्या पालघरकरांना नातेवाइकांच्या घरी मुक्काम करावा लागला. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच दिवशी असेल तर डॉक्टरांची वेळ बदलून घ्यावी. पर्युषणाच्या काळात क्षमापनेसाठी आणि दर्शनासाठी मुंबईला जाण्याची ओढ असते, पण संवत्सरी आणि गणेश चतुर्थी बहुधा जवळजवळ येतात. दशलक्षण पर्वाची सांगता तर थेट अनंत चतुर्दशीला, म्हणजे गिरगावात विसर्जनाच्या दिवशीच होते. त्या सायंकाळी चर्नी रोडला उतरणे ज्येष्ठांच्या आवाक्यातले नाही. सकाळी लवकर जाऊन दुपारच्या आत परतणाऱ्यांनाच ते जमते.

परतीला दादरहून चढण्याचा प्रयत्न करू नये. संध्याकाळी दादरला येणारी विरार किंवा डहाणू लोकल आधीच भरलेली असते. उलट दिशेने चर्चगेटला जावे, तेथपर्यंतचे तिकीट असावे, आणि गाडी जिथून सुटते तिथेच बसावे. वीस मिनिटे मागे जाऊन अडीच तास बसून येणे केव्हाही परवडते. दुसरा पर्याय सुरतकडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्यांचा. मुंबई सेंट्रलहून सायंकाळी सुटणारी फ्लाइंग राणी ही पालघरच्या कित्येक पिढ्यांची गाडी. तिचे १९७९ पासूनचे दुमजली डबे जुलै २०२३ मध्ये गेले, आणि वरच्या मजल्यावर बसण्यासाठी हट्ट करणारी मुले आता मोठी झाली आहेत. मात्र लोकलचे तिकीट या गाडीला चालत नाही. अतिजलद गाडीचे स्वतंत्र तिकीट, अधिभारासह, चढण्यापूर्वीच काढावे लागते.

विरार सुटले की डबा मोकळा होतो. उभे असलेले बसतात, बसलेले पाय पसरतात. वैतरणेच्या खाडीवरील पुलांचा आवाज बदलला की डुलक्या घेणारे जागे होतात. त्या दोन पुलांच्या मधल्या बेटावर वाढीव हे गाव आहे. तेथील लोक वर्षानुवर्षे स्थानक गाठण्यासाठी रेल्वेच्या पुलावरूनच जीव मुठीत धरून चालत आले. लोकलच्या खिडकीतून रात्री त्या गावाचे दिवे दिसतात. सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी. बोईसरला उतरताना आजी विचारतात, एस.टी. गेली का. सूनबाई पर्समधला कागद काढून पाहतात. अजून बारा मिनिटे आहेत.